टीव्हीच्या डोळ्यावरची टिकली

“रिमोट का मी चाटून पिऊन टाकला?” सोफ्याखाली पोछा सरकवत भीमाबाई पुटपुटली. “माह्या घरच्या टीव्हीले तो लागत तरी का? नेऊन त्याची पूजा मांडू का?”

हे ती सोफ्याच्या पायाला सांगत होती. पण सोफ्यावर विमलाबाई बसल्या होत्या, आणि एकाहत्तराव्या वर्षीही त्यांचे कान शाबूत होते. मोडला होता तो खुबा.

“कोण म्हणते तू नेला?”

“वहिनी. आत्ताच म्हणाल्या. उद्याचा दिवस कर, परवापासून येऊ नको.”

वहिनी म्हणजे सून निधी. विमलाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. खुबा मोडल्यापासून त्यांची अंघोळ, पायाला तेल, वॉकर धरून गॅलरीपर्यंतची फेरी, सगळं भीमाबाईच्या हातून होत होतं. ती गेली तर त्या खाटेला लागणार. आणि भीमाबाईचं काय? चौबे कॉलनीत याच गल्लीत तिची आणखी चार घरं. चोरीचं नाव लागलं की एकही उरणार नाही. सहा वर्षं घरात राबलेली बाई, आणि एका रिमोटपायी?

विमलाबाई नवऱ्याच्या जागी लागल्या आणि रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं राहिल्या. तिथं एक गोष्ट शिकल्या. पार्सल कधी हरवत नाही. कोणीतरी ते ठेवलेलं असतं.

“रिमोट शेवटचा कधी पाहिला?”

“मागच्या मंगळवारी सकाळी. पुसून टीव्हीजवळ ठेवला.”

“बुधवारी?”

“नव्हता.”

“मग आठ दिवस कोणी चोरीचं नाव काढलं नाई. आजच काहून आठवलं?”

भीमाबाईनं पोछा पिळला. फार जोरात पिळला.

“काल तेल लावताना तू रडून राहिली होती,” विमलाबाई म्हणाल्या.

“मिरची कुटली होती, आजी.”

“दारात निधी उभी होती. तिनं पाहिलं?”

भीमाबाईनं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि बादली उचलली.

“बरं, ते राहू दे. गौतमचा चिवड्याचा डबा रिकामा झाला असंल. तुझ्या जावयाले म्हण, घेऊन ये. भरून देतो.”

गौतम म्हणजे विमलाबाईंचा धाकटा. रायपूरला लागून उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचा आणि तिकडेच खोली करून राहायचा. भीमाबाईचा जावई त्याच मिलमध्ये. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या वाढदिवसाला गौतम पिऊन आला होता. चार पाहुण्यांसमोर थोरल्या शिशिरनं त्याला बाहेर काढलं आणि पुन्हा उंबरा चढायचा नाही म्हणून बजावलं. गौतमनं दारू सोडली. शिशिरनं राग नाही सोडला. तेव्हापासून आईचा चिवडा जावयाच्या पिशवीतून जायचा आणि दर गुरुवारी गौतमचा फोन यायचा.

“डबा तर इथंच हाये,” भीमाबाई म्हणाली. “वरच्या फळीवर.”

“तू आणला?”

“मी नाई आणला. मले वाटलं, तुमीच मागवला.”

एवढं बोलून ती निघूनच गेली.

*

विमलाबाईंना सवय होती, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरात सगळं टिपून ठेवायची. त्या वॉकर टेकत उठल्या आणि गेल्या दहा-बारा दिवसांच्या चौकटी वाचू लागल्या.

रविवार: दुपारी बेल. शिशिर म्हणे कुरिअरवाला.

मंगळवार: सायंकाळी शिशिर घाईनं बाहेर. ऑफिसचं काम.

बुधवार: शिशिर भरदुपारी आला, कपड्यांसकट न्हाणीत. रिमोट नाही. पेपर नाही, पेपरवाला गावी गेला म्हणे. देवाजवळ दिवा नाही, निधीची अडचण.

गुरुवार: गौतमचा फोन नाही. मिलवाल्यांनी ओडिशाला पाठवला, तिथं रेंज नाही म्हणे.

शुक्रवार: मीच म्हटलं म्हणून निधीनं शिरा केला. मीच खाल्ला.

रविवार: दिवा नाहीच. निधीची आता कंबर दुखते.

शिवाय तीनदा एकच ओळ होती. शनिवारी, सोमवारी आणि काल मंगळवारी: साडेसहाच्या बातम्या, टीव्ही आपोआप बदलला.

रिमोट गेल्यावर साक्षीनं त्यांना धीर दिला होता. साक्षी म्हणजे शिशिरची पोट्टी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत.

“रिमोट की क्या ज़रूरत, आजी? फोन ही रिमोट है.” तिनं फोन टीव्हीकडे रोखला, काचेवर बोट टेकवलं, आणि टीव्ही लागला. “देखो, ऊपर ये छोटा-सा काला निशान है ना? बस टीवी के सामने पकड़ना पड़ता है.”

विमलाबाईंचा फोन बटणांचा. त्यामुळे टीव्ही आता घरातल्या बाकी तिघांच्या हातात होता. पण टीव्हीच्या पोटाखाली एक बटण असतं, हे त्यांनी बोटांनी चाचपून शोधलं होतं. शनिवारी तेच दाबत दाबत त्या रायपूरच्या बातम्यांवर पोचल्या. निवेदिका म्हणाली, “उरला में...” आणि पडद्यावर भजन सुरू झालं. सोमवारी तेच. मंगळवारीही.

“केबलवाल्याचा प्रॉब्लेम आहे, आई,” निधी म्हणाली होती.

विमलाबाईंनी टीव्हीपुढं वॉकर टेकून निरखून पाहिलं. बारीक लाल दिवा, आणि शेजारी काळसर काचेचा ठिपका. रिमोटचं बोलणं टीव्ही इथूनच ऐकत असणार. त्या न्हाणीघरात गेल्या. आरशाच्या कडेला निधीच्या वापरलेल्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या. त्यातल्या दोन मोठ्या, मखमली, मरून रंगाच्या त्यांनी नखानं सोडवल्या. नवरा गेल्यापासून बेचाळीस वर्षांत त्यांनी टिकलीला हात लावला नव्हता.

एकीवर एक, दोन्ही टिकल्या त्यांनी टीव्हीच्या काळ्या ठिपक्यावर दाबून बसवल्या.

*

साडेसहाला त्यांनी बटण दाबून बातम्या लावल्या. साक्षी चपलांच्या रॅकजवळच्या खुर्चीत, मांडीवर फोन.

निवेदिका म्हणाली, “उरला में पिछले मंगलवार हुए हादसे को लेकर मज़दूरों ने आज भी...”

भजन लागलं नाही.

साक्षीचं बोट फोनवर पडलं. पुन्हा पडलं. तिनं हात लांब केला. मग उठली, दोन पावलं पुढं आली आणि फोन थेट टीव्हीसमोर धरला. टिकलीवर तिचं लक्ष नव्हतं. पडद्यावर मिलचं फाटक होतं. मग आडवी झालेली क्रेन. साक्षीनं धावत जाऊन भिंतीतलं मेन बटणच बंद केलं.

काळ्या पडद्यात दोघी एकमेकींना दिसत होत्या.

“काय करून राहिली, साक्षी?”

“कुछ नहीं, आजी. टीवी गरम हो गया था.”

“केबलवाल्याले सांगतो मग.”

साक्षीनं फोन पाठीमागे लपवला. ती आत पळाली. विमलाबाईंनी तिला हाक मारली नाही. जे कळायचं ते कळलं होतं. पण पार्सल ऑफिसात नुसत्या कळण्यावर शिक्का मारत नसत.

*

तो शिक्का दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, शिशिर स्वतःच घेऊन आला. सकाळी सुट्टी घेऊन बाहेर पडला होता, परतला तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि मिशी नव्हती.

“हे काय रे?”

“गरमी किती होऊन राहिली, आई. म्हटलं, उडवून टाकू.”

“मिशीलेही गरमी झाली?”

शिशिर हसला. त्याला हसणं कधीच नीट जमलं नव्हतं.

“बस,” विमलाबाई म्हणाल्या. “निधी, तूही ये. साक्षी, फोन घेऊन ये. भीमाबाई, तू जायची नाईस, दारातच थांब. तुझा हिशेब व्हायचा आहे.”

सगळे बसले. फक्त भीमाबाई उभी राहिली, चौकटीला धरून.

“साक्षी, देव्हाऱ्याखालचा खण उघड.”

साक्षीनं आईकडे पाहिलं.

“तिकडं नको पाहू. उघड.”

खणात वाती होत्या, कापराची डबी होती, आणि त्यांच्याखाली टीव्हीचा रिमोट. भीमाबाईच्या तोंडून “अरे बाप्पा” निघून गेलं.

“तुम्हाला कसं कळलं?” निधीनं विचारलं, आणि विचारून बसल्यावर तिनं ओठ आवळले.

“ज्या घरात दहा दिवस कोणी दिवा लावत नाई, तिथं वातींचा खण कोण उघडणार? मले वाकता येत नाई. तुम्ही दोघं त्या खणाले हात लावणार नाई. ठेवणारी ही पोट्टी. तिले या गोष्टीचं काही वाटत नाई, म्हणून तिच्याकडून ठेवला.” विमलाबाईंचा आवाज खिडकीवरच्या कारकुनासारखा सपाट होता. “निधी, अडचण चार दिवसांची असते. मग कंबर. कंबर दुखणारी बाई काल स्टुलावर चढून पंखा पुसून राहिली होती.”

निधीनं मान खाली घातली.

“रिमोट काहून लपवला? मी साडेसहाच्या बातम्या पाहू नये म्हणून. पेपर त्यासाठीच बंद. मी टीव्हीचं बटण शोधलं, तर तुम्ही फोन हाती घेतला. ‘उरला’ म्हटलं रे म्हटलं की भजन. केबलवाल्याले शिव्या. काल मी टीव्हीच्या डोळ्यावर तुझ्याच टिकल्या लावल्या, निधी. तेव्हा कळलं केबल कुठून हलते ते. मिलच्या फाटकावरचं नाव वाचून झालं होतं माझं.”

साक्षी मुसमुसायला लागली. “आजी, पापा ने बोला था...”

“तू चूप. तुझी चूक नाई.” विमलाबाई दाराकडे वळल्या. “आता ही भीमाबाई. हिचा जावई त्याच मिलमध्ये. हिले पहिल्या दिवसापासून माहीत. मंगळवारी माझ्या पायाले तेल लावताना हिचा बांध फुटला, आणि निधीनं पाहिलं. हिच्या तोंडून निघून जाईल, ही भीती. मग हिले काढायचं कसं? रिमोट तर लपवलेलाच होता. चोरीचं नाव टाकलं. सहा वर्षं ज्या बाईनं माझं सगळं केलं, तिच्यावर.”

“मी नसती बोलली, आजी,” भीमाबाई म्हणाली. “शिशिरभैयानं शप्पथ घातली होती.”

“माहीत आहे. म्हणून तर रडली.”

पंखा फिरत होता. शिशिर दोन्ही हातांनी गुडघे धरून बसला होता.

“माझ्याशी खोटं बोलताना तुम्हाले काही वाटलं नाई,” विमलाबाई म्हणाल्या. “पण देवाशी खोटं बोलायची हिंमत झाली नाई. सुतक पाळलं. सारं नीट, नेमानं. आज दहावा, तर डोकंही उतरवून आला. माझा पोरगा गेला, आणि त्याचं सुतक या घरात मी सोडून सगळ्यांनी पाळलं. मी शुक्रवारी शिरा मागून खाल्ला. तुम्ही तिघं समोर बसून पाहत होते.”

“आई, डॉक्टर म्हणाले होते, तुले धक्का नको,” शिशिरचा आवाज फाटला.

“कोणते डॉक्टर? खुब्याचे?”

निधी उठून त्यांच्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवू पाहत होती. विमलाबाईंनी तो हात हळूच बाजूला केला.

“धक्क्यासाठी एवढं कोणी करत नाई. एक दिवस लपवतात, दोन दिवस लपवतात. आईले पोराचं तोंड पाहू देतात. दहा दिवस लपवतो, त्याले दुसरं काही लपवायचं असते. निधी, वरच्या फळीवरचा डबा आण.”

निधी जागची हलली नाही. भीमाबाईनं जाऊन डबा आणला आणि विमलाबाईंच्या मांडीवर ठेवला. स्टीलचा डबा. झाकणावर विमलाबाईंच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. आतून धुऊन पुसलेला. तळाशी शेजारणीनं घालतात तशी चमचाभर साखर, रिकामा परत देऊ नये म्हणून.

“भीमाबाईनं आणला नाई. तिच्या जावयानं आणला नाई. मग हा या घरात कसा आला?” त्यांनी झाकण पुन्हा लावलं. “त्या रविवारी दुपारी बेल वाजली. दोनदा, अर्धी अर्धी. तू म्हणाला, कुरिअरवाला. एकतीस वर्षं पार्सलं पाहिली मी, शिशिर. कुरिअरवाला आला, तर पार्सल पाहिजे. हे पार्सल आहे. आणणारा कोण होता?”

शिशिरनं मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. केस शोधत असल्यासारखा.

“आई, राहू द्या ना,” निधी म्हणाली.

“नाई. मीही गुन्हेगार आहे यात. तशी बेल एकच माणूस वाजवते. मी ओळखली होती. इथून एक हाक पुरली असती. पण तुझ्या घरात राहतो, तुझा राग माहीत आहे, म्हणून तोंड दाबून बसली. म्हटलं, गुरुवारी फोनवर विचारू.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. “माझं मी बोलली. आता तू बोल.”

शिशिरनं पुढं वाकून डब्याच्या झाकणावरच्या नावावर बोट ठेवलं.

“गौतम होता,” तो म्हणाला. “दोन मिनिटं आईले पाहतो म्हणाला. चपलाही बाहेरच काढल्या होत्या त्यानं. मी डबा घेतला आणि म्हटलं, आई झोपली आहे.”

मग आईकडे न बघता तो म्हणाला, “तू जागी होतीस, आई. मले माहीत होतं.”