या की आमच्याकडं

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला कुणाला पटवून द्यायचं नाही. लोक मित्राच्या मामाच्या भावाला आलेले अनुभव लिहितात. हा माझ्या स्वतःच्या घरातला आहे.

मी स्नेहल. संगमनेरच्या जवळ आमचं गाव. घरात आम्ही तिघंच. मी, नवरा ओंकार आणि माझ्या सासूबाई, रतनबाई. दारात दोन गाया आणि एक लाडावलेली मांजर.

मला किळस फार लवकर येते, हे आधीच सांगते. शेजारच्या ताटात केस दिसला तरी माझं जेवण उरकतं. ओंकार चिडवतो, "देवानं हिला नाकच जास्तीचं दिलंय."

सासूबाई बरोबर उलट. त्यांना कुणाचंच काही वाटत नाही. आणि त्यांची एक सवय आहे. भेटेल त्याला घरी बोलवायचं. एसटीतला कंडक्टर, बँकेतला कॅशियर, दवाखान्यात शेजारी बसलेली बाई... बोलणं संपलं की ठरलेलं वाक्य. "या की मंग आमच्याकडं."

आपल्याकडं सगळेच असं म्हणतात. म्हणणारा विसरतो, ऐकणाराही विसरतो. खरंच कुणी येत नाही.

मागच्या जानेवारीत आम्ही गाडी घेऊन कोकणात गेलो. सासूबाईंनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. हरिहरेश्वरला त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या. बाणकोटच्या खाडीवर गाडी बोटीत चढवली, तर तिकीट फाडणाऱ्या पोरालाही आमंत्रण देऊन झालं.

"आई, तू एक दिवस यमाला पण जेवायला बोलावशील," ओंकार म्हणाला.

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

ती संध्याकाळ मला पक्की लक्षात आहे. केळशी मागं टाकून आम्ही हर्णैच्या दिशेनं चाललो होतो. नेमकं वळण सांगत नाही. उजव्या हाताला समुद्र, डावीकडं डोंगर, मधे सुरूची झाडं. सूर्य पाण्याला टेकलेला. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"थांब रं, थांब!" सासूबाई मागून ओरडल्या. "बोंबील!"

रस्त्याच्या कडेला एक बाई टोपली घेऊन बसली होती. सुके बोंबील म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. आणि माझ्या नाकाचा शत्रू. मी पदर नाकाला लावूनच खाली उतरले.

पण वास आला नाही.

सुक्या मासळीची भरलेली टोपली, आणि वास नाही. मी जरा जवळ गेले. टोपलीवर एकही माशी नव्हती. आसपास कुत्रं नाही, मांजर नाही, कावळा नाही. सुरूच्या झाडांचा जो आवाज मघापासून येत होता... तोही थांबला होता.

बाईचं लुगडं ओलं होतं. हातात हिरव्या बांगड्या. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

मग मला तिचे हात दिसले.

खूप वेळ धुणं धुतल्यावर आपली बोटं पांढरी पडतात ना, सुरकुततात... तसे. पण आपली बोटांपुरती होतात. तिचे हात कोपरापर्यंत तसे होते. मनगटाजवळ कातडी सुटून लोंबत होती, आणि ती त्याच हातांनी सासूबाईंच्या पिशवीत बोंबील भरत होती.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. उलटीच्या आधी सुटतं ते.

"कुठली गं तुमी?" तिनं विचारलं. आवाज घोगरा, घशात पाणी अडकल्यासारखा.

"आमी लई लांबचं. नगर जिल्हा, संगमनेर," सासूबाई म्हणाल्या. त्यांना ते हात दिसतच नव्हते, का दिसूनही काही वाटत नव्हतं, देव जाणे. "या की कवा आमच्याकडं."

बाईचा हात थांबला. तिनं पहिल्यांदाच मान वर केली.

"येऊ?"

"या की."

"खरंच येऊ?"

"आता काय सही करून देऊ का? या म्हनलं ना!" सासूबाई हसल्या.

बाई हसली नाही. तिनं आणखी एक मूठ पिशवीत टाकली.

"ही माझ्याकडून. कुणाकडं रिकाम्या हातानं येऊ नये."

तेव्हा मला ते फक्त विचित्र वाटलं. मी सासूबाईंना जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं. ओंकारनं गाडी काढली. मी आरशात मागं पाहिलं.

टोपली तिथंच होती. बाई नव्हती.

थोड्या वेळानं आवाज सुरू झाला. टप... टप... टप. मागच्या सीटवरून. ओंकार म्हणाला एसीचं पाणी असेल. एसी बंद होता.

मी वळून पाहिलं. एवढी मोकळी सीट, आणि सासूबाई दाराला चिकटून, अंग चोरून बसलेल्या. डोळे मिटलेले.

"आई, नीट बसा ना. केवढी जागा आहे."

त्या झोपेतच पुटपुटल्या, "असूं दे. तिला बी बसायचं हाय."

त्यानंतर दापोली येईपर्यंत मी मागं वळले नाही. ओंकारला काही सांगितलं नाही. तो हसला असता.

रात्र लॉजवर काढली. सकाळी मी गाडीचं मागचं दार उघडलं, आणि तशीच मागं सरकले.

वास. आदल्या दिवशी जो आला नव्हता, तो सगळा एकदम. मासळीचा नव्हता तो. घुशी मरून पडतात आणि चार दिवसांनी सापडतात, तसला. सीट चिंब ओली. खाली वाळू. सीटबेल्टच्या खाचेत काहीतरी काळं अडकलं होतं. मी दोन बोटांनी ओढलं. लांबच लांब केस... ओला, बुळबुळीत. ओढत राहिले तरी संपेना. त्याच्या टोकाला नखाएवढी पांढरी कातडी होती.

मी तिथंच ओकले.

आता ओंकारही हसत नव्हता. फडक्यानं सीट पुसली, काचा उघड्या टाकल्या आणि निघालो. माणगावला चहाला थांबलो, तर टपरीवाला नाक दाबून म्हणाला, "साहेब, गाडीत काय मेलंय का?"

ताम्हिणीत मी गाडी थांबवायला लावली. डिकीतली बोंबलांची पिशवी बाहेर काढून गाठ सोडली.

सुकलेला मासा तळला तरी सुकलेलाच राहतो. हे फुगले होते. ओलेकच्च, गुबगुबीत, एकमेकांना चिकटलेले. तोंडं उघडत-मिटत होती... निदान मला तसं दिसलं. मधून बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी पिशवी दरीत भिरकावली.

"आगं, पावनीनं दिलेलं टाकत्यात व्हय?" मागून सासूबाई म्हणाल्या.

पावनी. मला वाटलं चुकून म्हणाल्या.

घरी पोचलो. सासूबाई उतरल्या, आणि त्यांनी पलीकडचं दार बाहेरून उघडून धरलं. कुणी उतरेपर्यंत धरतात तसं. मग लावलं.

आमची मांजर ओट्यावर होती. मासळीच्या वासानं एरवी वेडी होते. त्या दिवशी तिनं गाडीकडं बघून पाठ फुगवली आणि जी पळाली, ती दिसलीच नाही.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. गाया पान्हा चोरायला लागल्या. जे दूध निघायचं ते डेअरीवरून परत यायचं, वास मारतोय म्हणून. मी रोज फिनाईलनं घर पुसायचे, आणि न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत रोज वाळूची ओली रेघ उमटायची. पिण्याच्या पाण्यावर तवंग. माठात हात घातला की बोटांना केस लागायचा. मी बाटलीचं पाणी प्यायला लागले, त्यालाही तीच चव.

सासूबाई एक ताट जास्तीचं वाढायच्या. भिंतीकडं तोंड करून हळू आवाजात आग्रह करायच्या. "घ्या की. लाजू नका."

मग एका सकाळी त्या भाकरी थापत होत्या. मी पलीकडं चहा गाळत होते. पिठाचा हात समजून मी आधी लक्ष दिलं नाही. पण पीठ झटकलं तरी हात पांढरेच होते. फटफटीत. सुरकुतलेले.

मनगटाच्या वरपर्यंत.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. भाकरीबरोबर तळव्याची कातडी सुटून आली... आणि चरचरली.

त्यांना दुखलंसुद्धा नाही. त्या नुसत्या हाताकडं बघत राहिल्या. मला ओकारी आली आणि रडूही आलं. ज्या हातांनी माझ्या बाळंतपणात, बाळ गेलं तेव्हा, मला लहान मुलासारखं भरवलं होतं, ते हे हात. आणि मला त्यांना शिवायची किळस वाटत होती.

ओंकारनं संगमनेरला डॉक्टरकडं नेलं. बुरशी म्हणाले, मलम दिलं. दुसऱ्या दिवशी पांढरं कोपराला पोचलं.

"आई, तिला जायला सांगा," मी म्हणाले. उगाच आडून बोलण्यात अर्थ नव्हता.

सासूबाईंनी मान खाली घातली. "मला बी तिची लई घान वाटती गं पोरी. रातभर उशाला बसती. पन बोलावलं मीच. आपल्या तोंडानं या म्हनलेल्या मानसाला जा कसं म्हनू?"

"मग जा म्हणू नका. ओटी भरा. हातात हिरव्या बांगड्या होत्या, सवाष्ण आहे ती. ओटी भरून वाटेला लावा."

हे मला कसं सुचलं माहीत नाही. पाहुणीला हाकलता येत नाही, पण तिची पाठवणी करता येते. मी स्वयंपाकघरात पाट मांडला. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. भर दुपार होती. बाहेर कडक ऊन आणि आत पाटाभोवती थंडगार ओल.

सासूबाईंनी हवेत बोट नेऊन कुंकू लावलं. बोट परत आलं तेव्हा त्यावर कुंकू नव्हतं. त्यांनी खण-नारळ पुढं केला. मग ओंजळभर तांदूळ घेऊन पाटावर सोडले.

तांदूळ पडल्याचा आवाज आला नाही.

मी वाकून पाहिलं. पाटावर एक दाणा नव्हता. खण-नारळही नव्हता.

मग... पच... पच... पच. ओली पावलं. माझ्या शेजारून गेली. त्या वासानं माझे डोळे भरून आले, पण मी तोंड घट्ट दाबून उभी राहिले. पावलं ओट्यावर गेली. सासूबाई उंबऱ्यापर्यंत पोचवायला गेल्या, कुणालाही जातात तशा.

आणि मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"व्हय... व्हय बाई... न्हाई कशी? येते की."

वास गेला. एका क्षणात, दिवा विझल्यासारखा.

"आई, कुणाला येते म्हणालात?"

"तिला," त्या म्हणाल्या. चेहरा कागदासारखा झाला होता. "जाता जाता म्हनली, आता तुमी या आमच्याकडं. तोंडातनं निगूनच गेलं गं."

हे सगळं होऊन आता वर्ष होत आलं. हात बरे झाले. ओंकार म्हणतो, मलमानं. मांजर परत आली, डेअरीवर दूध घेतात. सासूबाई आता कुणाला घरी बोलवत नाहीत. कंडक्टरला नाही, कुणालाच नाही.

आणखी एक गोष्ट बदलली. घरातून निघताना आपण 'येते' म्हणतो. त्या आता 'जाते' म्हणतात. दळणाला निघाल्या तरी 'जाते'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओरडलेच, "आई, काहीतरी अभद्र बोलू नका. येते म्हणा!"

त्या चप्पल घालता घालता थांबल्या.

"आगं, येते म्हनून तिकडं कबूल केलंय. एका तोंडानं दोन ठिकानी कसं कबूल करू?"

काल सकाळी त्या डेअरीवर दूध घालायला निघाल्या. "जाते गं," म्हणाल्या. बऱ्याच वेळानं माझं लक्ष गेलं, दुधाची किटली ओट्यावरच होती. मी तशीच अनवाणी पळाले. त्या हायवेच्या फाट्यावर उभ्या होत्या, पुण्याकडं जाणाऱ्या बाजूला. धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी.

"पिशवीत काय आहे?" मी विचारलं.

"बाजरी हाय घरची," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं कसं जायचं कुनाकडं?"

मी हाताला धरून त्यांना घरी आणलं. ऊन चांगलंच तापलं होतं, आणि त्यांचा हात कोपरापर्यंत ओला होता. ती पिशवी दारामागं खुंटीला तशीच टांगलेली आहे. ती उतरवायला गेले की मला वास येतो.