चिपळ्यांचा पहारा

"मोनाली येईपर्यंत चिपळ्या खाली ठेवणार नाही म्हणजे नाही!" अर्पिता मंदिराच्या पायरीवर ठाण मांडून म्हणाली.

"ताई, मले दे, मी वाजवतो," धाकटा रजत म्हणाला.

"तुले? तू गणित सोडून भजनच लावशीन!"

मारेगावजवळच्या त्या गावात कार्तिकातला सप्ताह चालला होता. देवापुढं एकेकानं वीणा घेऊन पहारा द्यायचा, आणि पुढचा माणूस समोर येईपर्यंत वीणा टेकवायची नाही, असा तिथला नेम. इकडं अर्पिताची दिवाळीच्या सुटीतली रंगीत वेळापत्रकं भिंतीवरच वाळून गेली होती. शिष्यवृत्तीची परीक्षा तर तोंडावर! मग यवतमाळहून काकाकडं सुटीला आलेल्या मोनालीनंच युक्ती काढली, "आपण अभ्यासाचा पहारा लावू! चिपळ्या घेऊन एकानं वाचायचं, बाकीच्यांनी कापूस वेचायचा नाही तर हुंदडायचं. पण वेळ झाली की चिपळ्या हातातून हातात!"

आणि काय नवल, जे कागदाला जमलं नाही ते चिपळ्यांनी केलं! आपण उशीर केला तर दुसरा ताटकळतो, ही टोचणी भारी असते.

पण आज नेम घालून देणारी मोनालीच आली नव्हती.

आत विठ्ठलरावआबा वीणा धरून उभे होते. म्हाताऱ्याचे गुडघे लटपटत होते.

"आबा, तुमचा पहारा तर केव्हाच संपला!"

"पुढचा नीळकंठाचा हाय, पोरी. कधी चुकत नाही गडी. आज काहून आला नाही, देव जाणे!"

अर्पिता चमकली. नीळकंठ म्हणजे मोनालीचा काका! "रजत, दोघंही एकाच घरचे! चाल!"

दारात नीळकंठकाकाची बायको, शुभदाकाकू उभी होती. चेहरा पांढराफटक.

"मोनाली मामाच्या गावाले गेली," ती घाईनं म्हणाली.

"अन् दप्तर इथंच ठेवून?" रजतनं खुंटीकडं बोट दाखवलं.

दार धाडकन लागलं. अंगणातल्या बादलीला औषधाचा उग्र वास येत होता. कपाशीवर, तुरीवर फवारतात त्या विषाला तिकडं सगळे औषधच म्हणतात.

"तुरीवर फवारणी चालू हाय यांची!" रजत कुजबुजला. दोघं वावराकडं धावत सुटली.

टिनाच्या झोपडीत मोनाली पोत्यावर पडली होती. तोंडातून लाळ, अंग घामानं निथळलेलं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. उशाशी नीळकंठकाका ताकाचा पेला घेऊन बसला होता.

"ऊन लागलं तिले! तुम्ही कायले आले इथं?" तो ओरडला आणि पेला तिच्या ओठांना लावू लागला. "सकाळपासून पंप भरून देत होती पोरगी, उघड्या हातानं... ताकानं उतरून जाईन."

"काका, दवाखान्यात न्या तिले!"

"अन् दादाले काय तोंड दाखवू? केस होईन माह्यावर! गप राहा!"

वाद घालण्यात मोनालीचा जीव जाईल, हे अर्पिताला कळलं. तिनं हातातल्या चिपळ्या घट्ट आवळल्या.

"काका, आबा वीणा घेऊन उभे हायत. तुमच्या नावानं. पाय लटपटून राह्यले त्यायचे. वीणा खाली टेकली तर?"

काका जागच्या जागी थिजला. मग ताडकन उठला. "येतोच मी. हलवू नका तिले!"

तो बांधाआड जाताच रजत गावातल्या खेमसिंगदादाची ऑटो आणायला रस्त्याकडं पळाला. अर्पितानं मोनालीचे औषधानं भिजलेले कपडे काढले, डब्यातलं पाणी ओतून अंग धुतलं आणि तिला आपल्या ओढणीत गुंडाळलं. औषधाची बाटलीही पिशवीत घातली. डॉक्टर आधी तीच मागतात, असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं.

ऑटो खड्ड्यांतून उसळत होती. मोनालीचा श्वास घरघरत होता.

"मोनाली, झोपू नको! तुझा पहारा हाय!" अर्पिता तिच्या कानाशी चिपळ्या वाजवत राहिली. खेमसिंगदादा नुसता हॉर्न दाबत राहिला.

मारेगावात सुई लागली, मग रुग्णवाहिका यवतमाळला निघाली. "अजून थोडा उशीर झाला असता, तर..." डॉक्टर बाटली पाहत म्हणाले.

दवाखान्यातून फोन मंदिरात आला तेव्हा काका वीणा धरून उभा होता. हातातून सोडता येईना, आणि घ्यायला कोणी पुढं होईना. वीणेच्या भोपळ्यावर त्याची आसवं टपटपत होती. शेवटी आबाच उठले.

"दे इकडं. वीणेचा नेम पाळला अन् लेकराचा चुकला! देव थांबला असता रे नीळकंठा, लेकरू कसं थांबीन?"

काका पायऱ्या उतरून गेला. पोलिसांना त्यानं स्वतःच सगळं सांगितलं.

सप्ताह संपल्यावर आबा प्रसाद घेऊन दवाखान्यात आले. अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "औंदा खरा पहारा दिला तो तुम्ही दोघायनं."

अर्पिताला हसू आलं नाही. खाटेवरच्या मोनालीची बोटं अजून कापत होती.

"अक्षरं पुसट दिसतात गं मला," मोनाली म्हणाली. "परीक्षेचं काय होईल, माहीत नाही." मग तिनं हात पुढं केला. "चिपळ्या खाली ठेवल्या नाहीस ना?"

"नाही."

अर्पितानं त्या तिच्या हातात दिल्या. थरथरत्या बोटांत त्या आपोआपच किणकिणल्या.

"मग वाच तू, मी ऐकते," मोनाली डोळे मिटत म्हणाली. "पहारा माझा आहे."

अर्पितानं गणिताचं पुस्तक उघडलं.