टेपचं दुसरं टोक

तळोद्यातल्या पक्षाच्या कार्यालयाला गावात सगळे 'गोदाम'च म्हणतात. गिलावा नसलेलं काँक्रीट, जिन्याऐवजी लांब उतार, पुढे चौकोनी भोकांची सिमेंटची जाळी... म्हणणार तरी दुसरं काय? रविना मात्र बघताक्षणी त्याच्या प्रेमात पडली. नाशिकला वाढलेली, आर्किटेक्ट झालेली पोर ती. पक्षाला आता जाळी काढून काचा लावायच्या होत्या, म्हणून मापं घ्यायला आली होती.

"हे टोक धरता जरा?" दाराशी उभ्या तरुणापुढे तिनं टेप धरली.

तो मागे सरकला. "खाली ठेवा. मी उचलतो."

हा करणसिंग, काठी गावचा, कार्यालय सांभाळणारा. रविनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टेप तिनं आपटलीच.

संध्याकाळी तिची आत्या रमिलाबाई ऐकून हसत सुटली. "येडी का तू? त्यानं पालनी धरलीय, होळीचा नवस. बाईला शिवायचं नाही, खाटेवर बसायचं नाही. बापाचं गाव काठी, अन् एवढं ठाऊक नाही तुला?"

दुसऱ्या दिवसापासून ती जाळीच्या आत बसू लागली, तो बाहेर. उन्हाचे चौकोन तिच्या कागदांवर सरकायचे. मध्येच त्याची सावली यायची अन् हिचा जीव वरखाली. ओढ लागली होती, खोटं कशाला बोला.

"नवस कशाचा?"

"आईच्या डोळ्यांचा. दिसतंय आता तिला."

"मग आणखी काही नाही मागायचं?"

"मागितलं तर... होळीमाता लबाड म्हणेल मला."

मापं संपत आली. जाळीची भिंत तेवढी रविनानं मुद्दाम मापायची ठेवली. करणसिंग होळीला काठीला गेला, होळी झाली. तिची नाशिकची गाडी दुपारची, आणि पालनी सुटते ती घरी परतून आंघोळ केल्यावर. त्यात डोंगरातल्या जीपचा काय भरवसा? ती जाळीतून रस्ता बघत बसली. येईल... न येईल. नाही आला तर विचारायचं कुणाला, आणि कोण म्हणून?

उतारावर पावलं वाजली. केस ओले, कानामागे होळीच्या राखेचा एक ठिपका राहून गेलेला.

"एक भिंत राहिलीय म्हणे."

रविनानं टेप पुढे केली — खाली नाही ठेवली. त्यानं टोक तिच्या हातातून घेतलं. बोटाला बोट लागलं. मग तो मागे मागे जात भिंतीच्या कडेला पोचला.

"झालं माप," ती म्हणाली. "सोडा आता."

"नाही सोडत."

रविना टेप गुंडाळू लागली, अगदी सावकाश. आणि तो टोक धरून तिच्याकडे चालत आला.