बावीस मीटर

"काका, आधी भूत येऊ दे. पाल्हाळ मागाहून लावा," पुतणी म्हणाली. ती नुकतीच वकील झाली होती. मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडायचा परवानाही सनदेसोबत मिळाल्यासारखी वागत होती. तिचा भाऊ गच्चीवरच्या अंधारात फिसकन हसला.

काकांनी शांतपणे पाय लांब केले. चौतीस वर्षं एका वकिलाकडे कारकुनी केलेला माणूस. घाई कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी तिथे नव्हतो," ते म्हणाले. "पण ज्यांच्यावर गुदरलं ते खोटं बोलणारे नव्हते. निदान कोर्टाबाहेर तरी नाही."

तर ते वकीलसाहेब. ऊठसूट पुढची तारीख मागायचे, म्हणून सगळे त्यांना तारीखसाहेब म्हणत. या केसला मात्र मागायला तारीख उरली नव्हती. आरोपी त्यांचा सख्खा भाचा होता. त्याने रात्री गाडीखाली एका पादचाऱ्याला घेतलं आणि न थांबता घरी येऊन झोपला. धडक त्याने कबूल केली होती. पण पळून जाण्याची शिक्षा मोठी, आणि तिच्यातून सोडवायला साहेबांकडे एकच शब्द होता. जागीच. माणूस जागीच गेला, मग थांबून मदत करायची कुणाला? पोलिसांच्या पंचनाम्यातही तसंच होतं. धडकेने माणूस सुमारे पाच मीटर उडून बेकरीच्या शटरपाशी पडला, जागीच ठार.

"सुमारे?" पुतणी फणकारली. "मोजलं नाही कुणी?"

"साहेबही तेच म्हणाले. समोरचा वकील त्या 'सुमारे'वरच झडप घालणार. म्हणून स्वतः मोजायला निघाले."

बुधवार होता, सतरा तारीख. दुसऱ्या दिवशी शेवटचा युक्तिवाद. अपघात ज्या वेळी झाला त्याच वेळी जागेवर जाऊन उभं राहायचं, ही त्यांची जुनी सवय. निघता निघता बहिणीचा फोन आला.

"झोपलास का रे?"

"नाही ताई. त्याच्याच कामाला निघालोय."

"सुटेल ना माझं पोर?"

"बघतो."

"बघतो काय, बघतो? मामा आहेस तू त्याचा!"

साहेबांनी फोन ठेवला. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. 

अकरा चाळीसला ते बेकरीपाशी पोचले. शटर बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोजायची टेप काढल्यावर लक्षात आलं, दुसरं टोक धरायला माणूसच आणलेला नाही. आपल्याच वेंधळेपणावर ते हसले.

"द्या, मी धरतो."

बाजूला एक माणूस उभा होता. साधासा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. साहेबांनी टोक त्याच्या हातात दिलं आणि डबी घेऊन स्वतः शटरला टेकले. तेवढाच पाठीला आराम.

"त्या खांबापाशी जा. तिथे काचा सापडल्या होत्या."

माणूस चालू लागला. टेप सुटत गेली. खांब आला. माणूस थांबला नाही.

"अहो, तिथेच!"

"नाही... इथे नव्हतं."

टेप सुटतच होती. माणूस आता दिसत नव्हता. फक्त पट्टी. अंधारात जाणारी.

मग ती थांबली.

"इथे," लांबून आवाज आला. "किती झाले?"

साहेबांनी टॉर्च लावला. आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"बावीस."



"बावीस मीटर... सरपटत यायला..."

साहेबांनी टॉर्च आवाजाच्या दिशेने वळवला.

"...फार वेळ लागतो."

पट्टी थरथरली. मग सैल पडली. साहेबांनी ती भराभरा गुंडाळली. हलकी होती. टोकाला कुणी नव्हतं.

आणि शटर वाजलं. त्यांच्या पाठीशी. नाही... पाठीशी नाही. खाली. गुडघ्याच्याही खाली.

टक.

टक...

त्यांनी खाली पाहिलं नाही.

गच्चीवर पुतणीने पाय वर घेतले होते.

"सकाळी कोर्टाच्या पायरीवर त्यांनी भाच्याला गाठलं," काका म्हणाले. "एकच विचारलं. आरशात मागे बघितलं होतंस?"

भाच्याने मान खाली घातली.

"मामाशी खोटं बोलू नकोस."

"...हालत होता, मामा."

साहेब युक्तिवादाला उभे राहिले. पोराचं वय सांगितलं, त्याची कबुली सांगितली, दया मागितली. 'जागीच' काही तोंडातून निघालं नाही. भाचा मागून बघत राहिला. साहेब खाली बसले.

"चार वर्षं झाली पोराला. बहीण त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही."

"मग वकीलपत्र सोडायचं आधीच!" पुतणी उसळली. "आरोपीचा वकील असा मध्येच गळपटतो का?"

"दमला होता गं माणूस."

"दमलेलाच होता. झोप नाही, डोक्यात केस. भास झाला असेल. नाहीतर टेप दोनदा लावली असेल आणि बेरीज चुकली असेल."

"मलाही तसंच वाटलं," काका म्हणाले. "पण ते म्हणाले, एकदाच ताणली, एकाच दमात. फाइलच्या पाठीवर तिथल्या तिथे लिहिलंय, बावीस. अक्षर त्यांचंच. मी ओळखतो."

"मग?"

"ते गेल्यावर त्यांचं कपाट मीच आवरलं. टेप सापडली. म्हटलं, बघू तरी. पूर्ण ओढली. टोकापर्यंत."

काकांनी लांब केलेले पाय जवळ घेतले.

"पंधरा मीटरची आहे."