सवयीचा हात

चिखलदऱ्याच्या खूणबागेत प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर एक पितळी चौकट बसवलेली असे, आणि त्या चौकटीत एकाच माणसाने हात ठेवायचा असे. सुट्टीच्या दिवशी नागपूर, अकोला, पुणे अशा ठिकाणांहून माणसं येत, आपलं झाड शोधत, चौकटीत तळवा टेकवून डोळे मिटत. मग कणसं खात दरी बघायला जात.

ही पद्धत फार जुनी नव्हती. एके काळी घरोघरी फोटो असत. अल्बमच्या पानांमध्ये पातळ कागद घातलेला असे आणि तो उचलताना आवाज होई. पुढे यंत्रं हुबेहूब चेहरे बनवू लागली, आवाज बनवू लागली. गेलेला माणूस भिंतीवरच्या पडद्यात येऊन हवं ते बोलू लागला, तेव्हा लोकांचा फोटोंवरचा विश्वास उडाला. ज्याची नक्कल घाईने करता येणार नाही असं काहीतरी माणसांना हवं होतं. झाडाला घाई करता येत नाही.

वनस्पतींना स्पर्श कळतो, हे लाजाळूमुळे लहान मुलांनाही माहीत असतं. पण कळतो तो एकट्या लाजाळूला नव्हे. दोडक्याच्या वेलाचा तंतू काठी लागली की तिच्याभोवती वळतो. वाऱ्याच्या माऱ्यातलं झाड बुटकं आणि जाड होतं. कुंडीतल्या रोपावरून रोज हात फिरवला तरी ते उंच व्हायचं सोडून मजबूत होऊ लागतं. दाबलेल्या पेशींमध्ये कॅल्शियम शिरतं, तो इशारा आत पोचतो आणि झाड आपली बांधणी बदलतं. अमरावतीच्या डॉ. शर्वरी गुल्हाने यांनी नाशपातीच्या एका जातीत हाच गुण कित्येक पटींनी वाढवला. सालीवर जिथे बोट टेके, तिथे खालचं त्या वर्षीचं लाकूड शिंगासारखं कठीण होई. या लाकडाला त्यांनी स्पर्शकाष्ठ म्हटलं आणि झाडाला खूणझाड. चौकटीमुळे खोड त्या बाजूला सपाट वाढे. माणूस गेल्यावर, वर्षश्राद्ध झालं की झाड उतरवून तिथली फळी काढायची, सावलीत वाळवायची, भिजवून ताठ ब्रशने घासायची. मऊ लाकूड झिजून जाई. कठीण रेषा उठून राहत, आणि त्यात माणसाचा तळवा असे.

त्याचा ठसा घेण्याची कला चीनमधून आली. तिथे शेकडो वर्षं नाशपातीच्याच पाट्यांवर उलटी अक्षरं कोरून पुस्तकं छापत. तृप्ती भुयार तरुणपणी दोन वर्षं तिकडे राहून, वेई नावाच्या म्हाताऱ्या छापणाऱ्या बाईंच्या हाताखाली ती शिकून आली होती. यंत्र नाही, दाब नाही. टेबलाला मधोमध फट. फटीच्या एका बाजूला पाटी घट्ट बसवलेली, दुसऱ्या बाजूला कागदांची चळत चिमट्यात धरलेली. पाटीवर काजळी आणि सरसाची शाई ब्रशने फिरवायची, एक कागद ओढून तिच्यावर आणायचा, काथ्याच्या गादीने पाठीवरून घासायचा, आणि उचलून फटीतून खाली सोडायचा. कोरण्याचं काम इथे झाडानेच केलेलं असे. गेलेला माणूस समोर उभा राहून आपल्याकडे तळवा करतो आहे, असं कागदावर दिसे.

तृप्तीने असे शेकडो अनोळखी तळवे छापले होते. आता तिला तिच्या नवऱ्याचा छापायचा होता.

हर्षल भुयार खूणबागेचा माळी होता. बागेतलं पहिलं झाड त्याचं, लग्नाच्या वर्षी वाढलेलंच आणून लावलेलं, घराच्या अंगणालगत. रोज सकाळी चहाच्या आधी तो त्या झाडापाशी जाई, हात टेकवी आणि मगच कप हातात घेई. "त्याले चहा पाज आधी," तृप्ती म्हणे. "मी दुसरी बायको झाली." आदल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला.

छपाईच्या कारखान्यात त्याची पाटी टेबलावर बसवली त्या दिवशी मुलगी रेवा परतवाड्याहून आली होती. तृप्तीने शाई फिरवली, कागद ओढला, घासला, उचलला. कागदावर करड्या रंगाचा एक ढग होता.

"आई, काही नाही यात."

"नवी पाटी हाय ना. नव्या पाटीला तहान असते, पहिले कागद तिचेच."

हे खरं होतं. वेईबाईंनी शिकवलेला हा पहिलाच नियम: नवीन लाकूड शाई पितं, तेव्हा धीर धरावा. तृप्तीने पुन्हा शाई दिली. पुन्हा ढग आला. ती शाई देत राहिली आणि कागद फटीतून खाली पडत राहिले. पाटी काळीभोर झाली, सरसाचा वास खोलीत कोंदला. शेवटी रेवाने तिचं मनगट धरलं.

"किती पाजशील, आई? तहान नाही ही."

डॉ. गुल्हाने दुसऱ्या दिवशी घाट चढून आल्या. त्यांनी पाटी धुतली, भिंग लावून पाहिली, मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. तृप्ती चहा घेऊन आली.

"मॅडम, तुमचं झाड खोटं निघालं."

"झाड खरं आहे, ताई. चूक माझी आहे."

"मले समजंल असं सांगा. मी काही शास्त्रज्ञ नाही."

"लाजाळूला बोट लावलं की काय होतं?"

"मिटते."

"आणि लावतच राहिलं तर?"

तृप्तीने आठवून पाहिलं. "थोड्या वेळानं मिटत नाही. पोट्टे कंटाळून निघून जातात."

"पोरं कंटाळतात, पण त्याआधी लाजाळू शिकते. या बोटाने काही बिघडत नाही, उगाच मिटायचे कष्ट कशाला, हे ती लक्षात ठेवते. आमची झाडंही तेच शिकली. हाताचा दाब, ऊब, घामातलं मीठ, रोजची ठरलेली वेळ, या सगळ्यावरून ती हात ओळखतात. आणि एकदा ओळखला की..." गुल्हान्यांनी कप खाली ठेवला. "त्याची नोंद घेत नाहीत."

"मग बाकीच्यांचे कसे आले? इतके छापले मी."

"ती माणसं वर्षातून दोनदा-तीनदा येतात. तेवढ्या काळात झाड विसरतं. दर वेळी हात परकाच."

"अन् तुमच्या प्रयोगशाळेत? तिथं नाही समजलं?"

"तिथे आम्ही फार काळजी घेतली होती," गुल्हाने म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "एकाच हाताने निष्कर्ष चुकू नये म्हणून रोज वेगळा विद्यार्थी हात लावायचा."

तृप्ती हसली. बराच वेळ हसली, आणि आतून रेवा बघायला आली.

एक उपाय होता. दर वर्षीचं लाकूड आधीच्या वर्षावर चढत जातं, म्हणून पाटी वरून रंध्याने तासत गेलं तर जुनी वर्षं उघडी पडतील. मात्र रंधलेलं वर्ष परत येणार नाही. तृप्तीने रंधा घेतला. एक थर काढायचा, भिजवायचं, घासायचं, छापायचं. गुल्हाने वर्षं मोजत होत्या आणि रेवा कागद वाळत घालत होती. रेवाची मुलगी ओवी जन्मली ते वर्ष कोरं आलं. रेवाचं लग्न झालं ते वर्ष कोरं. हर्षलने एकट्याने विहिरीचा गाळ काढला, ते वर्षही कोरं. दोरीवर करड्या ढगांची रांग लागली.

मग एका थराला तृप्तीने कागद उचलला आणि तिघीही त्यावर वाकल्या.

पाचही बोटं होती. तळव्याच्या रेषा होत्या, अंगठ्याजवळचा विळ्याचा जुना व्रणसुद्धा. मनगटाकडची बाजू इतकी गडद होती, की हात ठेवणाऱ्याने अंगाचा सगळा भार झाडावर टाकला असावा.

"या वर्षी काय झालं होतं?" गुल्हान्यांनी विचारलं.

रेवाने आईकडे पाहिलं. रेवा दहावीत असताना हर्षल घर सोडून गेला होता. नाशिकला एका द्राक्षबागेत, आणि नुसत्या द्राक्षांसाठी नव्हे. दीड वर्षाने एका सकाळी तो परत आला. दार वाजवण्याआधी तो झाडापाशी जाऊन उभा राहिला, आणि तृप्तीने ते स्वयंपाकघरातून पाहूनही दार लगेच उघडलं नाही. पुढे त्या घरात त्या दीड वर्षाचं नाव कोणी काढलं नव्हतं.

"दीड वर्षात झाड त्याला विसरलं होतं," तृप्तीने सगळं सांगितल्यावर गुल्हाने म्हणाल्या. "म्हणून तो आल्याची नोंद झाली."

"आई, हा नको," रेवा म्हणाली. "रंधून टाक. तळाशी तुमच्या लग्नाचं वर्ष आहे, तेव्हा झाड नवं होतं. मॅडम, तिथे हात असेल ना?"

"असेल. पहिल्या काही आठवड्यांचा. पण तिथवर जायचं तर हा काढावा लागेल. याचा कागद राहील, पाटी राहणार नाही."

"कागद मी जाळीन."

तृप्तीने रंधा उचलला नाही. तिने पाटीवर स्वतःचा तळवा ठेवला. हर्षलची बोटं तिच्या बोटांपेक्षा पेरभर लांब होती.

"मले हा बी नको अन् तळाचा बी नको," ती म्हणाली. "तो लग्नातला पोरगा मले आठवत बी नाही धड. मले मधला पाहिजे. चहाच्या आधी जायचा तो."

"ताई, तो नाही."

"रोज जायचा, मॅडम. पावसात, तापात. रोज."

"रोज जायचा, म्हणूनच नाही."

तृप्तीने पाटी सोडवली आणि आहे तशी, अर्धी रंधलेली, फडताळात उभी करून ठेवली.

निघताना गुल्हान्यांनी विचारलं, हे जाहीर करावं का? लोकांच्या अंगणांतही ही झाडं उभी आहेत, पुष्कळजण रोज हात लावतात. तृप्ती म्हणाली, "सांगून टाका. माझ्यासारखं कोणाचं नको व्हायले."

ते सांगण्याचा परिणाम काय होईल, हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

बातमी छापून आली आणि महिन्याभरात खूणबाग ओस पडली. झाडांवर कोणी रागावलं नव्हतं. आजूबाजूच्या गावांतून दर आठवड्याला येणारी माणसंही आता हिशेबाने येऊ लागली होती. वर्षातून दोनदा हात लावणं उत्तम, असं गुल्हान्यांच्या लेखात होतं. ज्यांची झाडं घराच्या अंगणात होती त्यांनी बुंध्याला गोणपाट गुंडाळलं. मग कोणीतरी म्हणालं, की झाडाचं जे आहे ते माणसाचंही असणार. गुल्हान्यांनी असं लिहिलं नव्हतं. त्यांनी खुलासाही दिला, तो फारसा कोणी वाचला नाही. नवरे दूरच्या नोकऱ्या मागून घेऊ लागले. आया मुलांना वसतिगृहात ठेवू लागल्या. निष्ठुर म्हणावं असं त्यांच्यात कोणी नव्हतं. प्रत्येकाला कोणाच्या तरी आयुष्यात उमटायचं होतं.

रेवाचं झाड बागेच्या पश्चिमेला होतं, तिचा ठसा पुढे ओवीला मिळावा म्हणून राखलेलं. लग्न झाल्यापासून ती दर रविवारी परतवाड्याहून येत असे, आधी झाडाला हात लावी, मग आईकडे जेवे. एका रविवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी आता दिवाळीला आणि उन्हाळ्यातच येईन."

"झाडाकडे?"

"दोन्हीकडे." तिने ताट उचललं. "रागावू नकोस. बाबांचं काय झालं ते तूच पाहिलंस ना?"

"फोन?"

"फोनने पण सवय होते, आई."

तृप्तीने वाद घातला नाही. रविवारी ती एकटीसाठी भाकरी टाकू लागली. पहिले काही रविवार लांबले, मग तेही अंगवळणी पडलं.

दिवाळीत रेवा आली. फाटकातून शिरून आधी पश्चिमेकडे गेली. तृप्ती कारखान्याच्या दारात उभी राहून धंद्याच्या नजरेने बघत होती. रेवाने तळवा पूर्ण टेकवला होता, दाब सारखा होता, बोटं अवघडलेली नव्हती. ठसा स्वच्छ येणार होता.

मग रेवा धावत आली आणि तिने आईला मिठी मारली. घट्ट, श्वास कोंडेल अशी. तृप्तीला तिच्या केसांतला खोबरेल तेलाचा वास आला, मानेवरचा घाम लागला, पाठीवर एकेक बोट वेगळं जाणवलं. इतक्या वर्षांत अशी मिठी तिला कळली नव्हती.

"बघ, आहे ना फरक?" रेवा तिच्या खांद्यावर बोलली. ती रडत होती आणि आनंदात होती.

"हाव," तृप्ती म्हणाली, कारण फरक होता.

रेवा दुसऱ्या दिवशी परत गेली. तृप्ती कारखान्यात येऊन बसली. मिठी अजून अंगावर होती. त्या आधीच्या रविवारांपैकी एखादा तरी आठवावा म्हणून ती प्रयत्न करू लागली. काय रांधलं होतं, रेवा कुठे बसली होती, कशावरून हसल्या होत्या. वर्षानुवर्षांचे ते सगळे रविवार होते, एवढं तिला ठाऊक होतं. बराच वेळ बसूनही त्यांतला एकही तिला वेगळा काढता आला नाही.