एका टेबलावर चौघं

लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या थोडी वर गेली, गचकन थांबली आणि दिवाही गेला. माझ्या हातात दातांच्या कवळ्यांचा डबा होता. शेजारच्या माणसाच्या हातात पेटी होती. ती खुळखुळली.

"घाबरलात?" अंधारातून आवाज आला.

"मी नाही. तुमची पेटी घाबरलेली दिसते."

तो मोकळेपणानं हसला. मोबाईलच्या उजेडात त्यानं पेटी उघडून दाखवली. आत रांगेनं बसलेल्या गुळगुळीत पांढऱ्या सोंगट्या!

"जपानी माजाँग. चौघांचा खेळ. चौथ्या मजल्यावर आमचा क्लब आहे, तिथं शिकवतो. एरवी कुत्र्यामांजरांचा डॉक्टर."

"सोपं काय? माणसांना शिकवणं की मांजराला गोळी देणं?"

"मांजरं निदान ओरबाडून सांगतात, नको म्हणून. माणसांचं काही कळत नाही." त्यानं एक सोंगटी माझ्या तळहातावर ठेवली आणि मोबाईल विझवला. "न बघता सांगा, काय कोरलंय?"

मी अंगठा फिरवला. दिवसभर लॅबमध्ये कवळ्या घासते मी, खाचा बोटांनाच कळतात. "चार गोल... आणि मधोमध एक."

तो हळूच म्हणाला, "तुम्ही खेळायला आलंच पाहिजे."

एवढ्यात लिफ्ट हलली. चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि समोर बाबा उभे!

माझे बाबा. रोज दुपारी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून बाहेर पडणारे. आई गेल्यापासून ओट्याशी उभ्याउभ्याच जेवणारे. ते बाबा बाह्या सरसावून, कुठल्याशा गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

आता माझा कवळ्यांचा डबा खुळखुळला.

"तू?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही?" मी म्हणाले.

"काका, ही तुमची मुलगी?" डॉक्टर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद काही लपेना.

बाबांच्या मागून पिकल्या केसांची एक बाई डोकावली. ती डॉक्टरची मावशी. निवृत्त नर्स. त्याला लहानपणापासून तिनंच वाढवलेलं. "अगं, दारात काय उभी? आत ये," ती म्हणाली. जणू मी रोजच येत होते.

बाबांवर नजर ठेवायची म्हणून मी क्लबात जाऊ लागले. नजर मात्र भलतीकडेच जाई.

तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी जमली की हात पुरा झाला, एवढं पहिल्याच दिवशी कळलं. बाकीचं डॉक्टर सावकाश शिकवायचा. फारच सावकाश.

"जी सोंगटी आपण स्वतः टाकून दिली," तो एकदा म्हणाला, "तिच्यासाठी मग दुसऱ्यापुढे हात पसरता येत नाही."

"म्हणजे टाकताना नीट विचार करायला हवा."

"मी तर काही टाकायलाच तयार नाही..." तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या हातातून भलतीच सोंगटी पडली. पलीकडे मावशीनं तिच्यावर डाव जिंकला आणि बाबांनी टाळी दिली.

तिला.

तेव्हाच कळायला हवं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला दुसऱ्याचं कुठं दिसतं?

क्लबच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी टेबलं लावताना डॉक्टर अचानक थांबला. "लग्न करशील माझ्याशी?"

पहिल्यांदाच 'तू'! कानशिलं तापली माझी. "उद्या सांगते. स्पर्धा झाल्यावर. बाबांनाही तेव्हाच सांगू."

"म्हणजे... हो?"

"म्हणजे उद्या."

स्पर्धेत शेवटच्या फेरीआधी मी पाणी प्यायला गेले. खांबाआड बाबांचा आवाज आला.

"पोरांना आजच सांगू. नंतर माझा धीर व्हायचा नाही."

"मला तुमच्या लेकीची भीती वाटते हो," मावशी म्हणाली. "तिच्या आईच्या जागी मी... तिला चालेल का?"

मावशी बाबांची बायको झाली, तर डॉक्टर माझा कोण? मावसभाऊच की! हातातलं पाणी साडीवर सांडलं, ते कळलंही नाही.

शेवटच्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या. टेबल सात. बाबा, मावशी, डॉक्टर आणि मी.

डॉक्टरनं पैजेची काडी मांडली. "रीची!" म्हणजे जिंकायला त्याला आता एकच सोंगटी हवी होती. माझी पाळी आली. मला सोंगट्या दिसतच नव्हत्या. तोंडातून निघून गेलं, "बाबा, तुम्ही लग्न करताय?"

सगळ्या हॉलनं माना वळवल्या. मावशीच्या सोंगट्या धडाधड आडव्या पडल्या.

"मावशी?" डॉक्टरचा जबडा उघडाच राहिला.

"आज सांगणारच होतो..." बाबा पुटपुटले.

"आज तर आम्ही सांगणार होतो!" मी ओरडले.

"तुम्ही? काय?"

डॉक्टरनं माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. पंच धावत आले, "टेबल सात, शांतता!" उघड्या पडलेल्या सोंगट्यांबद्दल मावशीला दंड झाला. उरलेला डाव कसा खेळलो, देव जाणे. मी शेवटून पहिली आले.

बाहेर पायऱ्यांवर बाबा माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा उतरलेला. "आमचं सोड, पोरी. आमचं वय झालं. तुम्ही दोघं करा लग्न. आम्ही शेजारी म्हणून राहू."

"हो, हो," मावशी घाईनं म्हणाली आणि उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

डॉक्टर खाली बघत होता. त्याला वाटत असावं, बाबांसाठी मी त्याला नकार देणार. आणि मला दिसत होते ते ओट्याशी उभे बाबा, एका हातात ताट, तोंड भिंतीकडे.

"बाबा, माघार घेतलीत तर याद राखा," मी म्हणाले. "आणि मावशी, आईची जागा आईचीच आहे. तुम्ही तुमची वेगळी करा. घरात जागा पुष्कळ आहे."

मावशीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

मग मी डॉक्टरकडे वळले. "तुला उत्तर द्यायचं राहिलंय. हो."

"हो?"

"हो रे!"

बाबा मटकन पायरीवरच बसले. "अरे देवा... लोक काय म्हणतील?"

"गोंधळतील," डॉक्टर म्हणाला, "आणि काय?" बाबांच्या देखत त्यानं माझा हात धरला. त्याचा तळवा माझ्यापेक्षाही गार होता.

बाबांनी आमच्या हातांकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग घसा खाकरून, न बघताच, मावशीपुढे हात केला.

"आधी कोणाचं लग्न?" त्यांनी विचारलं.

"आमचं," मावशी नाक पुसत म्हणाली. "मोठ्यांचा मान."