वाट कुठून मोजायची?

त्याचा पाय लागून माझी खुर्ची धाडकन आडवी झाली... तीच आमची पहिली भेट.

"सॉरी! लागलं का?"

"खुर्चीला विचारा."

दवाखान्याच्या काउंटरवरच्या मावशी खुदकन हसल्या.

तिथल्या वेबसाइटचं पीएचपी भाषेतलं काम आम्हा दोघांना वाटून दिलं होतं. मुख्य पान त्याचं, रुग्णांच्या नोंदणीचं माझं. दुपारी डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं, आणि त्याच्या पानात माझी फाइल जोडली, तर पडद्यावर नुसती ओरड — सेटिंगची फाइल सापडत नाही!

"माझ्याकडे तर नीट चालते हो," मी अगदी रडकुंडीला आले.

"चालणारच. सेटिंगसाठी तुम्ही लिहिलंय, एक फोल्डर वर जा. पण माझ्या पानाने तुमच्या फाइलला बोलावलं, की पीएचपी वाट माझ्या फोल्डरपासून मोजतं."

"म्हणजे दुसऱ्याकडे गेली, की तिनं आपली जागा विसरायची?"

माझा आवाज नको तितका चढला. दिवेलागणीला मी रोज आईपाशी प्रार्थनेला बसते. तिची नजर गेलीय, पोथी मी वाचते. लग्नाची बोलणी करायला आलेल्यांनी नेमकं तेच सोडायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, आणि बोलणी तिथेच मोडली.

तो हसला नाही. माझ्या ओळीत वाटेच्या आधी त्याने हळूच टाइप केलं — `__DIR__`.

"ही फाइल जिथे आहे, तिथपासून. कुणीही, कुठूनही बोलवू दे... ती आपल्याच जागेवरून निघते."

पान झरकन उघडलं. मी मात्र त्याच्या बोटांकडेच बघत राहिले.

त्यानंतर संध्याकाळी मी पर्स उचलली, की त्याचंही काम नेमकं संपायचं. आमच्या फाटकापर्यंत सोबत, मग तो उलटा आपल्या घरी. अहो-जाहो वाटेतच कधीतरी गळून पडलं.

एक दिवस फाटकाशी तो रेंगाळला.

"एक विचारू? घर बघतोय भाड्याने... तुझ्या आईपासून किती लांब चालेल?"

"तुझ्या घराचं मला काय विचारतोस?"

"माझ्या एकट्याचं नाही ना..." त्याचे कान लालबुंद झाले.

आतून आईची हाक आली. मी फाटक उघडलं, आणि पहिल्यांदाच ते मागे लोटलं नाही.

"दिवेलागणीला चालत पोचेन, इतकंच लांब," मी म्हटलं. "आणि आत ये. आईला तूच सांग... खुर्ची तेवढी पाडू नकोस."